टिकलीचं बटण

निपाणी
१२ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप श्रीपाल अण्णा यांस,

गुंडूचा साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र. बोरगावात तुम्ही, काकी आणि सूनबाई प्रणिता खुशाल असाल. इकडं मंगलची कंबर सोडली तर सगळं ठीक. आमच्या पोरीचं, ऋतिकाचं, बेळगावात कॉलेज सुरू झालं.

मशीनला हात लावला की काय काय केलं ते मोठ्या अक्षरात छापून द्यायचं, ही आपली पद्धत. मोबाइलवर पाठवलं तर तुम्ही सूनबाईला वाचायला लावणार आणि निम्मं ऐकून "बरं बरं, कळलं" म्हणणार. म्हणून कागद. आण्णाप्पा ताग्यांचा टेम्पो घेऊन संध्याकाळी बोरगावला येतोय, त्याच्याकडं देतो.

काल तुमच्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टीम काढून नवी घातली. तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या सिस्टीमवर चालत नव्हती, आणि इचलकरंजीवाले व्यापारी फाइली नव्या आवृत्तीतच पाठवत होते. दुसरा इलाज नव्हता. साड्यांच्या काठांची तुमची सगळी डिझाइनं मी आधी बाहेर काढली, उघडून बघितली, मग पुढचं काम सुरू केलं. एकही गेलेलं नाही. अगदी तुम्ही प्रणिताच्या लग्नात केलेला, विकायचा नाही म्हणून बाजूला ठेवलेला मोराचा काठसुद्धा जिथल्या तिथं आहे.

ग्राफिक्स कार्ड मुद्दाम जुनंच ठेवलं. व्यापाऱ्यांचा पोरगा समर्थ तिथं उभा होता, तो म्हणाला, "काका, हे कार्ड म्युझियममधी द्या की." मी त्याला सांगितलं, बाबा रे, कार्ड म्हणजे मशीनचा डोळा. ज्याला जो डोळा सवयीचा आहे तो काढायचा नसतो. आणि माझ्या हातून अपग्रेड झालेलं मशीन परत दुकानात येत नाही, हेही सांगितलं. माझ्याकडं सर्टिफिकेट नसेल, नववीतून शाळा सुटली असेल, पण कामाला नाव ठेवायला जागा मी ठेवत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता टिकलीच्या बटणाचं.

तुमच्या डोळ्याच्या पडद्याचा त्रास सुरू झाला तेव्हा डाळिंबी आणि मरून शेजारी आले की एकच दिसायला लागले होते. काठ काढायचं बंद करावं लागेल म्हणून तुम्ही हात टेकले होते. तेव्हा त्या कार्डाच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये शिरून मी रंगांचा जोर वाढवला, उजेड-अंधाराचं अंतर वाढवलं, लाल थोडा ओढून घेतला, आणि ते सगळं कीबोर्डावरच्या एका बटणावर बांधलं. प्रणितानं आपल्या कपाळाची टिकली काढून त्या बटणाला चिकटवली. बटण दाबलं की पानं वेगळी, फूल वेगळं, मागची जमीन वेगळी. परत दाबलं की खरा रंग. तुम्ही त्या दिवसापासून मला "डॉक्टर" म्हणायला लागलात.

काल तुम्ही म्हणालात, "गुंडू, टिकली दाबली रं. काय हुईना." मी तिथंच तपासलं. बटण लागतंय. स्क्रीनही स्वच्छ आहे, उलट पूर्वीपेक्षा चकचकीत. मग मी जे बोललो ते बोललो. समर्थसमोर जरा मोठ्यानं बोललो असेन, त्याचा राग मानू नये. पण मशीनमध्ये दोष नाही, तेव्हा डोळ्याचं वय झालं असं धरून चालावं लागेल. चिकोडीला जाऊन एकदा दाखवून या. उशीर करू नका.

काकींना नमस्कार. प्रणिताला आशीर्वाद.

काम तपासून दिलं आहे.

तुमचा,
गुंडू


निपाणी
१७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप श्रीपाल अण्णा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, जय जिनेंद्र. दिवाळी तोंडावर आली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. ज्याला त्याला प्रिंटर दिवाळीआधीच दुरुस्त करून हवा असतो, वर्षभर तो झाकून ठेवलेला असतो ते कोण बघतो.

प्रणिताचा फोन आला होता. चिकोडीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मागच्या वर्षापेक्षा फरक नाही म्हणून सांगितलं, हे ऐकून बरं वाटलं. त्यावर तुम्ही जे म्हणालात तेही तिनं सांगितलं. "डॉक्टर म्हाताऱ्याचं मन राखतोय. मशीन कशाला कुणाचं मन राखील? आणि गुंडू तर त्याहून न्हाय."

 डॉक्टर लोक शिकलेले असतात, त्यांचं ऐकावं.

येऊन जा म्हणून तुम्ही दोन वेळा निरोप दिलात. येणारच होतो. एकदा दुकानाचं शटर ओढून निघालोही होतो, कोगनोळीकडनं एक जण बंद पडलेलं मशीन घेऊन आला आणि अडकलो. नंतर पाऊस. नंतर मंगलची कंबर. कारणं सांगत बसलो असं वाटेल, पण खरीच आहेत.

तुम्ही डिझाइनचं काम थांबवलं, खोलीला कुलूप घातलं, हे समर्थकडून कळलं. तो मधूनमधून दुकानात येतो, कामाचंच काहीतरी असतं. आणि दिवाळीला चातुर्मास संपला तरी मुनिमहाराज अष्टान्हिकेचं आठ दिवसांचं पर्व होईपर्यंत बोरगावातच राहणार आहेत, कार्तिकी पौर्णिमेला त्यांच्यासमोर तुम्ही धंद्याच्या त्यागाचा नियम घेणार आहात, हे प्रणितानं सांगितलं. काकी काय म्हणतात? तुमच्यात एकदा महाराजांपुढं हात जोडून नियम घेतला की तो मोडता येत नाही, एवढं मला इतक्या वर्षांत कळलंय. म्हणून विचारतो. घाई तर नाही ना होत? मी कोण म्हणा सांगणारा.

एक विनंती आहे. ते मशीन बस्तीला, देवळातल्या पाठशाळेला द्यायचं म्हणताय असं ऐकलं. एवढ्यात देऊ नका. आतलं काही काढू नका, पुसू नका, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. कारण असं काही नाही. जुनं कार्ड आहे, नव्या माणसाच्या हातात बिघडेल, एवढंच.

मंगलनं चिरोटे केलेत. आण्णाप्पाकडं डबा देतोय, डबा परत नाही आला तरी चालेल.

त्या दिवशीचं काम तपासूनच दिलं होतं.

गुंडू


निपाणी
२ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

नमस्कार. हे पत्र नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात छापलंय आणि पिवळ्या कागदावर, कारण पिवळ्यावरचं काळं तुम्हाला लवकर लागतं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. दारात खुर्ची टाकून उजेडात बसा आणि तुम्हीच वाचा.

काल एक नोव्हेंबर, काळा दिन, बाजार निम्मा बंद. दुकानात एकटा बसून हेच लिहीत होतो. लिहून फाडत होतो म्हटलं तर जास्त खरं होईल.

तुमच्या डोळ्याला काही झालेलं नाही. जेवढं आधी होतं तेवढंच आहे. चिकोडीचे डॉक्टर खरं बोलले. खोटं मी बोललो.

आता काय झालं ते नीट सांगतो, कारण नीट सांगायची मला सवय आहे आणि या वेळीच नेमकी ती सोडली होती. नवी सिस्टीम घातली की ती जुन्या कार्डाला ओळखते, पण वरवर. आपल्याकडचा साधा ड्रायव्हर त्याला लावून टाकते. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सिस्टीम यांच्यामधला दुभाषा. या नव्या दुभाष्याला चित्र दाखवण्यापुरतंच बोलता येतं. म्हणून स्क्रीन चकचकीत दिसत होती. पण कार्डाचं स्वतःचं पॅनेल, ज्यात मी तुमचे रंग बांधले होते, ते जुन्या ड्रायव्हरबरोबर निघून गेलं होतं. तुम्ही टिकली दाबत होता, बटण हाक मारत होतं, ओ द्यायला आत कुणी उरलं नव्हतं. मी तपासलं ते बटण. पॅनेल उघडून बघितलंच नाही.

तुम्ही म्हणालात, काय हुईना. मी दाबलं. मलाही फरक दिसला नाही, अण्णा. माझे तर डोळे चांगले आहेत. माझ्याही डोळ्यासमोर रंग जसेच्या तसे राहिले, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. कळलंही. निदान आत कुठंतरी चुकलंय एवढं कळलं. पण समर्थ शेजारी उभा होता आणि त्याच्यासमोर मी नुकतंच सांगून बसलो होतो की माझं मशीन परत येत नाही. तो हसला असता. "काका, म्हटलं हुतं की नवं कार्ड घ्या" म्हणाला असता. तेवढ्या त्याच्या एका हसण्यासाठी मी तुमच्याकडं बघून म्हणालो, "अण्णा, मशीन बरोबर हाय, डोळं गेलं तुमचं आता."

तुम्ही वाद घातला नाही. चष्मा काढून धोतराला पुसलात, परत घातलात, स्क्रीनजवळ गेलात आणि म्हणालात, "साकु रं. पुरे झालं म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला दुकानात सगळा उलगडा झाला. पहिलं पत्र लिहिलं ते उलगडा झाल्यानंतर. "मशीनमध्ये दोष नाही" हे मी कळून-सवरून लिहिलं. ते वाक्य छापून, परत वाचून, एक अक्षर गाळलं होतं ते दुरुस्त करून मग पाठवलं.

तेव्हाच का आलो नाही? वाटलं, गुपचूप दुरुस्त करून द्यावं आणि मग यावं. पण कंपनीनं ते कार्ड सोडून दिलंय, नव्या सिस्टीमसाठी त्याचा ड्रायव्हर काढतच नाही. जुना ड्रायव्हर नवीत बसवायला गेलं की सिस्टीम तो बसू देत नाही, बसवला तर चालू केल्या केल्या स्वतःचा परत आणून ठेवते. मी तसलंच एक जुनं कार्ड शोधून दुकानातल्या मशीनवर खटपट करत होतो. आणि प्रत्येक वेळी फसलं की वाटायचं, आज नको, उद्या जमल्यावर जाऊ. दरम्यान तुम्ही खोलीला कुलूप घातलं.

आणखी एक आहे. ते लिहायचं नाही असं ठरवून कालचे सगळे कागद लिहिले, म्हणून ते फाडले.

तुम्ही थांबल्यावर समर्थ तुमचा अर्धा राहिलेला काठ माझ्याकडं घेऊन आला. कमळाचा. म्हणाला, "अण्णांचं डोळं गेलं, तुम्ही सॉफ्टवेअर जाणतासा, रंग तेवढे भरून द्या." मी घेतला. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर का नको तेही सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू का, जरा बरंही वाटलं, डिझायनर म्हणून कुणीतरी आलं म्हणून. भरून दिला. पाकळीच्या कडेला तुम्ही डाळिंबी ठेवली असती तिथं मी मरून ठेवला, पाकळी आणि जमीन एक झाली, फूल बुजलं. साडी विणून आली. समर्थला काही कळलं नाही. "एक नंबर झालाय काका," म्हणाला. मंगलला दाखवली तर तिलाही छान वाटली. मला एकट्यालाच दिसत होतं की त्या काठात कमळ नाही.

तो काठ तुमच्या नावावर बाजारात गेला, अण्णा. तुमच्या नावाला मी लावलेला डाग तुम्हाला कुणी सांगणारही नव्हतं.

गुरुवारी मी बोरगावला येऊन गेलो. तुम्ही आणि काकी बस्तीत पूजेला गेला होता. खरं म्हणजे ती वेळ बघूनच आलो. जुना ड्रायव्हर बसवायची वाट अखेर सापडली होती, आणि सिस्टीमला परस्पर बदल करू न देण्याचीही. प्रणितानं खोली उघडून दिली. मी काम करत होतो तोवर ती दाराला टेकून उभी होती. पॅनेल उघडलं, टिकली दाबली, स्क्रीन लालभडक झाली. तेव्हा ती म्हणाली,

"काका, बटण तर तवाबी लागत हुतं म्हणालतासा न्हवं? मग आज काय केलासा?"

मी म्हणालो, "जरा सेटिंग हललं हुतं गं."

"सेटिंग हललं हुतं, का मामंजींचं डोळं गेलं हुतं? एकच कायतरी सांगा."

मी वायरी गुंडाळत बसलो. 

"मामंजी रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडराजवळ उभं राहून अक्षरं लावून बघत्यात. कालच्यापेक्षा कमी दिसतंय म्हणत्यात. रोज. दिसतंय तेवढंच, पण तुम्ही सांगितलासा म्हणून कमी दिसतंय." मग म्हणाली, "त्यांना तुम्ही सांगणार, का मी सांगू?"

मी म्हणालो, मी सांगतो. ती म्हणाली, "पौर्णिमेच्या आधी." आणि कुलूप लावायला वळली. चहा विचारला नाही. त्या घरातून चहाशिवाय मी पहिल्यांदा बाहेर पडलो.

अण्णा, कॅसेटच्या दुकानात टेप दुरुस्त करणाऱ्या पोराला तुम्ही आपलं नवंकोरं मशीन उघडायला दिलं होतं. "उघड रं, मोडलं तर मोडलं, शिकशील तरी." तुमचे भाऊ ओरडले होते. मी इंग्रजी अक्षर न् अक्षर लावून वाचत होतो आणि तुम्ही बाजूला बसून काठ काढत होता. ज्यानं मोडलं तर मोडलं म्हटलं, त्याच्याच समोर "माझ्याकडून मोडलं" म्हणायला माझी जीभ उचलली नाही. दुसऱ्या कुणासमोर एक वेळ उचलली असती.

नियमाबद्दल मी बोलू नये, पण तुमचंच बोलणं तुम्हाला परत सांगतो. तुमच्या गल्लीतल्या तवनाप्पांनी सुपारीचा त्याग केला तेव्हा तुम्ही कट्ट्यावर बसून म्हणाला होता, "सगळं दात पडल्यावर सुपारी सोडली व्हय तवनाप्पा? सोडली, का सुटली?" सगळा कट्टा हसला, तवनाप्पाही हसले. बुधवारी पौर्णिमेला महाराजांपुढं तुम्ही जे सोडणार आहात ते तुमचं तुम्ही सोडत नाही. मी तुमच्या हातातून काढून घेतलंय. आधी ते परत घ्या. परत घेऊनही सोडावंसं वाटलं तर सोडा, मी हात जोडून बस्तीच्या पायरीशी उभा राहीन. पण माझ्या एका खोट्यावर देवासमोर नियम घेऊ नका. तो तुम्ही जन्मभर पाळाल हे मला माहीत आहे, त्याचीच भीती वाटते.

आता कामाचं. काम पुरं झालेलं नाही. ड्रायव्हर बसला, पॅनेल आलं, टिकली लागते. पण सिस्टीम काढण्याआधी मी तुमच्या रंगांचे आकडे उतरवून ठेवले नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगतो, आधी सेटिंग उतरवून ठेवा, मग हात लावा. स्वतः विसरलो. तेव्हा ते आकडे मी तुमच्याकडून एकेक करून काढले होते. मी वाढवत होतो, तुम्ही म्हणत होता, "आणखी थोडं... मागं ये... हां, आता पान दिसलं." आता घातलेत ते माझ्या अंदाजाचे आहेत. मी चष्म्याच्या काचेला तूप चोळून तुमच्यासारखं बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तुमचा डोळा माझ्याकडं नाही. तुम्ही खुर्चीत बसल्याशिवाय हे काम या जन्मात पुरं होत नाही.

समर्थला मी उद्या सकाळी भेटतोय. कमळाचा काठ कुणी भरला आणि मशीनचं काय झालं होतं ते त्याला त्याच्या वडिलांसमोर सांगणार आहे. त्यानं हसायचं तेवढं हसावं.

मंगळवारी सकाळी बोरगावला येतो. दारात उभा राहतो. तुम्ही "ये" म्हणालात तर आत येईन, नाही म्हणालात तर प्रणिता बटण दाबून दाखवेल, मी खिडकीबाहेरून आकडे सांगेन. तेही नको असेल तर तसाच परत फिरेन, पण तुम्ही एकटे तरी एकदा त्या खुर्चीत बसा, मोराचा काठ उघडा आणि टिकली दाबा. मोराच्या मानेत दोन निळे आहेत. तुम्हीच भरलेले. ते वेगळे दिसतात का बघा.

आता मला डॉक्टर म्हणू नका.

काम तपासलेलं नाही. तपासायचं तुमच्याकडं आहे.

गुंडू